हातांचं दुपटं

ओउलू, डिसेंबर, पहाटेचे तीन.
समुद्र गोठलाय. काचेला पार्किंगमधला एकच दिवा चिकटलेला.
चार नंबरच्या पेटीत सातशे दहा ग्रॅम.
इथे बारशापर्यंत नाव कुणाला सांगत नाहीत,
कागदावर नुसतं: मुलगी, रौतामा.

टाचेतून रक्त घ्यायचंय. तक्ता माझ्या हातात:
भुवई किती आवळली,
डोळे किती घट्ट मिटले,
नाकाशेजारची घडी किती खोल.
शून्य ते तीन. बेरीज मी करायची.

सुई टेकली.
शून्य. शून्य. शून्य.
नळीमुळे रडणं तसंही ऐकू येत नाही.
नवा डॉक्टर म्हणाला, "छान, शांत आहे."

मला लेम्पी आठवली.
तिच्या उमेदीत म्हणायचे, एवढ्याशा जिवाला कसलं दुखतंय,
आणि टाके घालायचे, तसेच.
निवृत्तीचा केक कापताना ती म्हणाली होती,
"रडायची थांबली ना पोरं, की आम्हाला हायसं वाटायचं."
सुरी केकमध्ये तशीच ठेवून बाहेर गेली.

दुखत नाही, त्याला शून्य.
दुखतंय हे सांगायला त्राण नाही, त्यालाही शून्य.
रकाना एकच.

"पायाची बोटं बघा," मी म्हटलं.
पाचही फाकलेली, ताठ,
जशी काही जमीन शोधत होती.
तो वाकला. बराच वेळ बघत राहिला.
मग काही न बोलता औषधाची मात्रा बदलली.

सहाला पुन्हा सुई. या वेळी बापाला बोलावलं.
आउलिस जंगलात लाकूडतोडीचं यंत्र चालवतो,
तीनदा धुऊनही नखांत ग्रीस. चौथ्यांदा धुवायला लावले.
"माझे हात फार मोठे आहेत."
"तेच हवेत."
एक तळवा डोक्याला. दुसऱ्यात दोन्ही पाय मुडपून पोटाशी.
थोपटू नका. हलवू नका. नुसते असा.
आमच्याकडे याला हातांचं दुपटं म्हणतात.
मी जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवला, थांबले,
मग टोचलं.

भुवई आवळली.
चांगली आवळली, एखाद्या चिडक्या म्हातारीसारखी,
आणि त्याच्या अंगठ्याखाली हळूहळू सुटली.
एक गुण. मी लिहिला.
इतका आनंद झाला की लाज वाटली.

आउलिसचं नाक वाहत होतं,
हात काही तो काढेना.
कागदी रुमाल मीच धरला.
"शिंकरा," म्हटलं, "पण हळू."