हस्तांतर

शुक्रवारी दुपारी मेल आली, चार ओळींची.
एकतीस मेनंतर करार वाढवणार नाही,
आजवरच्या योगदानाबद्दल मनःपूर्वक, वगैरे.
बाहेर चव्वेचाळीस अंश. कूलर कोरडा.
नळाला पाणी यायचं होतं पाचव्या दिवशी, म्हणजे पहाटे.

उरलेल्या तीन आठवड्यांचं काम एकच:
मला जे जे माहीत आहे ते लिहून ठेवायचं,
म्हणजे मी लागणार नाही.

तर लिहितोय.
लीड्सच्या गोदामातला प्रिंटर दर सोमवारी अडतो.
तिकीट 'तातडीचं' म्हणून येतं. तातडीचं नसतं.
रविवारी रात्री कुणीतरी मेन स्विच पाडून घरी जातं, इतकंच.
ब्रेंडाला फोन करावा.
आधी तिच्या मुलाची चौकशी करावी, मग प्रिंटरची.
हे दुसरं वाक्य तपासणीत काढून टाकलं त्यांनी.
मी पुन्हा घातलं.

शेजारचे कोंड्याल म्हणतात, कॉम्प्युटर दुरुस्त करता ना?
नाही, मी सांगतो.
कुणाचं काय बिघडलं, ते कुणाकडे गेलं,
किती वेळात व्हायला हवं होतं, किती लागला,
आणि तेच पुन्हा का बिघडलं,
याची नोंद ठेवतो.
म्हणजे मुनीम, ते म्हणतात.
मग मी त्यांचा कॉम्प्युटर बघून देतो.

नाना जॉबर होते. अक्कलकोट रोडला
सात कारखाने, एकाच्याही हजेरीपटावर नाव नाही.
माग अडला की सायकलवर पोरगा यायचा बोलवायला.
नाना दारातच थांबून ऐकायचे
त्या सगळ्या खडखडाटातून,
आणि सांगायचे, तिसऱ्या रांगेतला. धोटा बघ.
कधी काही लिहून ठेवलं नाही.
ते गेल्यानंतर दोन महिन्यांनी एक पोरगा आला,
नवा होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
आईनं त्याला पाणी दिलं.

आई विड्या तेलुगूत मोजायची, हिशेब मराठीत सांगायची.
कारखान्यात छाट निघायची: हिचं तोंड नीट नाही, हिच्यात तंबाखू कमी.
छाटीचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
माझं मार्चचं बिल परत आलंय,
खरेदी क्रमांकात एक शून्य कमी.
दुरुस्त करून पाठवलं. पंचेचाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून.
छाट? आई विचारते.
छाट.

पहाटे तीन. दोन्ही एकदम आलं,
नळाला पाणी आणि पहिल्या दर्जाचं तिकीट.
कानाला हेडफोन, हातात पाइप,
लाइनवर अकरा माणसं,
त्यातली नऊ फक्त विचारतायत, कधी होईल?
म्यूट करायचं राहिलं.
अँबी, तुझ्या घरात धबधबा आहे का?
आहे, म्हणालो, पाच दिवसांतून एकदा.
हसले सगळे. अंबादास हे नाव
सहा वर्षांत कुणाला जमलं नाही,
मीही नंतर सोडून दिलं.

पावणेपाचला सुरू झालं.
सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती.
तशी सूचना महिनाभर रोज जात होती
चार वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या एका माणसाला.
'मूळ कारण' या रकान्यात काय लिहायचं?
त्याचं नाव लिहिलं. खोडलं.
'प्रक्रियेतील त्रुटी' लिहिलं. ते सगळ्यांना चालतं.

पिंपं भरली होती. शेवटचं थोडं
बोळात सांडलं, तिथे चिमण्या आल्या.

आता फक्त शेवटचं पान.
'यापुढे संपर्क' असा एक रकाना आहे,
रिकामा सोडला की लाल होतो.
माझा नंबर टाकला. मिनिटभर राहू दिला.
मग पुसून ब्रेंडाचा टाकला,
आणि तिला विचारायला फोन लावला.
आधी मुलाची चौकशी केली.