मोठ्याने विचार करा

टाम्पेरे. नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच
अंधार खिडकीशी येऊन बसलाय.
मी म्हणते, "वेइयो, ही परीक्षा तुमची नाही, अ‍ॅपची आहे."
आज चौथ्यांदा म्हणते
आणि चौथ्यांदा समोरचं माणूस
पेपर हातात पडल्यासारखं खुर्ची पुढे ओढतं.

"मनात येईल ते मोठ्याने बोला."
तो माझ्याकडे असा बघतो,
जणू मी त्याला सदरा काढायला सांगितलाय.
एकतीस वर्षं कागदाच्या कारखान्यात
यंत्रांच्या गडगडाटात खुणांनीच बोललेला माणूस.
तिथे थांबवायचं बटण लाल होतं, तळहाताएवढं,
हातमोज्यातूनही लागायचं,
डोळे मिटूनही.
हे तो नंतर सांगेल. आत्ता गप्प आहे.

काम पहिलं: गुडघा दाखवायला डॉक्टरांची वेळ घ्या.
अंगठा काचेवर टेकतो, उचलला जातो,
तळं नुकतं गोठलेलं असावं आणि
बर्फ किती जाड ते ठाऊक नसावं, तसा.
बटण राखाडी. त्यावर पांढरी अक्षरं.
आम्हाला ते फार शांत वाटलं होतं.
तो भलतीकडेच जातो, परत येतो,
पडद्याला म्हणतो, "माफ करा."
मी वहीत टिपते: चौदाव्या सेकंदाला माफी.
खाली, स्वतःपुरतं: कुणी कुणाची मागायची?

मग तो रकाना.
जवळची व्यक्ती: नाव, नातं, फोन.
शेजारी लाल तारा. तारा म्हणजे सक्ती.
मदत करायची नसते. नवख्यांना हे मीच शिकवते,
हात मांडीखाली दाबून बसा म्हणते.
तो एका बोटाने लिहितो: हिल्का.
नातं, यादीतून: पत्नी.
फोन रिकामा. इथे घोडं अडतं.
पडदा लाल होतो: वैध क्रमांक द्या.

"होता," तो म्हणतो.
"जूनमध्ये मी तो बंद केला.
तीनदा विचारलं त्यांनी, नक्की का?"

पाऊण तासात मोठ्याने केलेला
एवढाच विचार.

काचेपलीकडच्या खोलीत आमची मंडळी
बटणाचा रंग बदलायचा की आकार, यावर हुज्जत घालत होती.
मानधन म्हणून सिनेमाची दोन तिकिटं.
एक त्याने टेबलावरच ठेवलं,
विसरल्यासारखं नाही,
नीट, कडेला कड लावून.

रात्री अहवाल. गंभीरता एक ते चार.
राखाडी बटण: तीन. बारीक अक्षरं: तीन.
रकान्यापुढे चार लिहिलं,
खोडलं, कारण पाचातला एकच अडला होता,
मग पुन्हा चार लिहिलं, जरा दाबून.

मार्चच्या आवृत्तीतून तारा गेला.
बदलांच्या यादीत त्याला नावही नाही,
"किरकोळ सुधारणा"मध्ये कुठेतरी असेल.

बटण अजून राखाडीच आहे.
त्यावर मंगळवारी बैठक आहे.