साळिंदराचं कोटेशन

अर्ज आज रात्री बाराला बंद होतो,
म्हणजे अकरा एकोणसाठला, भाची म्हणते.
तिच्याकडे मिनिटाचीही उधारी नाही.

पहिलाच प्रश्न: आपलं प्रतिनिधित्व कमी कसं, शंभर शब्दांत.
मी म्हटलं, लिही,
शाळेची बस चालवते, चौदा नंबरची,
सकाळी साडेसहाला धुक्यात एकटी असते,
तिथे माझं प्रतिनिधित्व मीच करते.
ती हसली नाही. लिहिलं: मिगमॉ स्त्री, वय एकावन्न, केप ब्रेटन बेट.
वर माझं नाव, डेलिमा प्रॉस्पर,
दुसऱ्या कुणाची बातमी वाचावी तसं मी वाचलं.

मग साहित्याचा खर्च. पुरवठादाराचं कोटेशन जोडा.
आता हे कुठून जोडू?
माझा पुरवठादार हमरस्त्याच्या कडेला कुशीवर पडलेला असतो,
रात्री कुणाच्या तरी ट्रकखाली आलेला,
कधी कधी अजून ऊबदार.
मुलांना सोडून परतताना बस बाजूला घेते,
धोक्याचे दिवे लावते,
जुनं ब्लँकेट त्याच्या पाठीवर हलकेच थोपटते.
उचलते तेव्हा ब्लँकेटभर काटे.
एका साळिंदराचे हजारो, फुकट.
फुकट म्हणू नये खरं तर. त्याला विचारलं कुणी?
आई तिथे तंबाखूची चिमूट ठेवायची. मीही ठेवते.
तो खर्च कुठल्या रकान्यात?
भाचीने लिहिलं: किरकोळ.

वर्षाचं वेळापत्रक, महिनेवार.
भूर्जाची साल उन्हाळ्याच्या तोंडी दोन-तीन आठवडेच सुटते,
झाड सोडतं म्हणून.
त्याआधी ओढली तर फाटते, नंतर ओढली तर झाडाला लागतं.
आणि फेलोशिप सुरू होते सप्टेंबरात.
मी म्हटलं, सप्टेंबर ते मे लिही: वाट पाहणे.
ती म्हणाली, मावशी, आपण ‘पूर्वतयारी’ लिहू.

शिफारसपत्रं दोन.
जिने दिलं असतं ती माडलेन आत्या मागच्या ईस्टरला गेली.
माझी पहिली डबी हातात घेऊन ती एवढंच म्हणाली होती,
झाकण बसतंय.
त्याहून मोठी शिफारस मला कुणी केली नाही.
पण तिच्यावर सही नाही.

प्रकल्पाचं महत्त्व. इथे साडेदहा वाजले.
शहरातल्या संग्रहालयाच्या तळघरात एक गोल डबी आहे,
चिठ्ठीवर: कर्ती अज्ञात.
हातमोजे घालून मला ती अर्धा तास धरायला दिली,
शेजारी एक मुलगी उभी,
मी पळवेन म्हणून नव्हे, नियम म्हणून.
झाकणाच्या आत काट्यांची टोकं उलटी दुमडलीत,
डावखुरी बाईच तशी दुमडते.
आमच्या घरात चार पिढ्या डावखुऱ्या.
मी त्या मुलीला हात दाखवला, डावा.
तिला मोजाच दिसला.

हे लिहिलं तर झाले तीनशे बारा शब्द. मर्यादा अडीचशे.
भाची कापायला बसली. आधी मोजा गेला, मग मुलगी,
मग ती साळिंदराकडे वळली,
वाचणाऱ्यांना कसंसंच होईल गं.
मी म्हटलं, मी गेले तरी चालेल, तो राहू दे.
आणि हेही घाल,
काटा ओला नसला तर मोडतो,
आई तो तोंडात भिजवायची, ओठांत तीन-तीन धरून,
म्हणून काम करताना बोलायची नाही.
मला वाटायचं, रागावलीय.

भाचीची बोटं थांबली.
शब्दांचा आकडा लाल झाला होता.
मग तिने काहीच न बोलता वरून ‘नावीन्यपूर्ण’ काढला,
‘समुदायाधारित’ काढला, ‘शाश्वत’ दोनदा होता, दोन्ही काढले,
पूर्वतयारीवरचा अख्खा परिच्छेद काढला.

अकरा चोपन्नला गेला.
लगेच पोच आली: कृपया या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

सकाळी ब्लँकेटची घडी सीटमागे ठेवून चौदा नंबर सुरू केली.
जाताना काही नव्हतं. येतानाही, पुलाच्या वळणापर्यंत, काही नव्हतं.
बरं वाटलं.
आणि थोडं वाईटही.