एक मेणबत्ती जास्तीची

गुहेतला गाळ पोत्यांतून खाली येतो
भातखाचरांपर्यंत. पाटाच्या पाण्यात
आम्ही बायका तो दोनदा धुतो,
आधी मोठ्या भोकांच्या चाळणीत, मग बारीक.
मागे राहतात उंदरांचे जबडे,
वटवाघळांच्या बरगड्या, गारगोटीच्या कपच्या.
फ्लोरेसच्या या डोंगरात दुसरं काम म्हणजे कॉफी तोडणं,
आणि तिथे पाठ याहून जास्त दुखते.

एकदा चाळणीत दात राहिला.
उंदराचा नव्हे.
तळहातावर घेतला, तर माझी जीभ
न सांगता माझ्याच दाढेकडे गेली.

जावाहून आलेले डॉक्टर म्हणाले, बाईचा असावा.
उभी राहिली तर तुझ्या कमरेच्या थोडी वर.
ठेंगण्या हत्तींच्या काळातली.
म्हणजे आमची आजी?
आजी नव्हे, ते म्हणाले, चुलत. फार लांबची चुलत.
तुझ्या सख्ख्या आज्या दुसऱ्या खंडाच्या मातीत आहेत,
आणि त्यांच्याही मागे, आणखी मागे,
अंगभर केस असलेल्या आज्या,
ज्यांची नि वानरांची पणजी एकच.

संध्याकाळी एर्मेलिंदा धर्मशिक्षणाची वही घेऊन बसली.
प्रथम कम्युनियनला सहा आठवडे होते.
"देवानं मातीचा माणूस घडवला," तिनं पाठ म्हटलं,
मग पेन्सिल चावत विचारलं,
"किती दिवस लागले?"

मी तिला पातेर हिलारियुसकडे नेलं.
त्यांचे सुजलेले पाय घमेल्यातल्या कोमट पाण्यात.
म्हणाले, "तू नऊ महिने पोटात होतीस.
सुईणीनं एकेक महिना मोजला,
तरी आई म्हणते, देवानं दिली.
दोघींत खोटं कोण बोलतं?
आणि आपल्या मंगाराई बोलीत देवाचं नाव काय?
मोरी जारी देदेक. जारी म्हणजे केलं.
मग देदेक, घडवलं, हे वेगळं कशाला ठेवलं म्हाताऱ्यांनी?
त्याचा हात अजून ओला आहे, म्हणून."

मग मी विचारलं, जे मलाच विचारायचं होतं.
त्या चुलत बाईला आत्मा होता का?
पातेरांनी पाण्यात पायाची बोटं हलवली.
"ते माझ्या पुस्तकात नाही," म्हणाले.
बऱ्याच वेळानं, "तुझ्या चाळणीतही नाही."

नोव्हेंबरची दोन तारीख. मृतांचा दिवस.
मिस्सेत वाचायच्या यादीत आईचं नाव लिहिलं,
थोरल्या भावाचं,
त्याखाली नुसतं "बाळ",
कारण त्याच्या नाकात श्वास फुंकायचाच राहिला
आणि बाप्तिस्म्यावाचून नाव ठेवायचं नसतं
असं तेव्हा बायका म्हणायच्या.
त्याखाली, पेन जरा थांबवून, "एक बाई".
पातेरांनी चष्मा वर सरकवला. सगळं वाचलं.
अडखळले ते फक्त खोकल्यानं.

कबरींवर मेणबत्त्या लावून एक उरली.
उरली कसली, मोजूनच जास्त घेतली होती.
ती घेऊन गुहेपाशी गेले
तर राखणदार विन्सेन्सियुस आडवा आला.
आत आग चालणार नाही. काजळी पडली
तर जुन्या कोळशाचं वय चुकतं.
वय चुकायला नको, एवढं मलाही कळतं.

म्हणून पाटाकाठी, पालथ्या चाळणीवर,
दोन्ही हातांचा आडोसा करून.
एर्मेलिंदानं विचारलं,
प्रार्थनेत तिला काय म्हणू?
चुलत म्हण, मी म्हटलं.

सकाळी पोती आली.
चाळणीच्या कडेला मेण थिजलं होतं,
नखानं खरवडावं लागलं,
आणि त्यात चिकटलेला एक बारीक खडा
मी दोनदा धुऊन पाहिला.