नोंद क्रमांक सदतीस

सिनाव सोडून दक्षिणेला चाळीस किलोमीटर.
आधी डांबर संपतं, मग चाकोरीही,
आणि खलफान गाडी हाकतो
जसं कुणी रात्री आपल्याच घरात
दिवा न लावता पाणी प्यायला उठावं.

कुंपणाच्या आत बारा चौरस किलोमीटर.
अकरा वर्षांमागे इथले उंट उठवले.
आता सौरपॅनेल येणार.
त्यांच्याआधी मी आलेय, फॉर्म घेऊन:
काय जिवंत आहे, काय जुनं आहे,
कशाला किती अंतर सोडायचं.

उन्हं चढायच्या आत सांड्याची बिळं मोजते.
तोंडाशी शेपटीची ओढ ताजी असेल तर ‘वापरात’,
वाळू भरली असेल तर ‘सोडलेलं’.
एक्केचाळीस वापरात.
चंडोलाच्या दोन जोड्या.
कोल्ह्याची विष्ठा, तिच्यात खजुराची बी.
इथे मैलोगणती खजूर नाही,
म्हणजे कोल्हा बाजार करून येतो.
हे लिहायला रकाना नाही.

गाफची झाडं सात.
गाफ म्हणजे आमची सौंदडच.
माणदेशात गावाच्या शिवेवर उभी असायची,
दसऱ्याला तिच्यापर्यंत जायचं, पूजा करायची, माघारी फिरायचं,
झालं सीमोल्लंघन.
मी जरा जास्तच पुढे आले.

खलफानची मावशी झुवैना,
नाकावर ताठ घडीचा काळा मुखवटा,
झाडाभोवती एक फेरी मारते. खलफान हिंदीत सांगतो:
पूर्वी हे खालून सपाट होतं, कातरल्यासारखं,
उंटाची मान पोचेल तिथवर.
आता फांद्या जमिनीला टेकल्या.
म्हणते, झाड उंटाला विसरलं.
मी लिहिते: पुनरुज्जीवन उत्तम.

आणि मग सातव्या झाडापाशी
तीन दगड.
रांग म्हणावी तर वाकडी, त्रिकोण म्हणावा तर फाकलेला.
कधीतरी वाडी वाहून आली असेल आणि त्यांना सरकवून गेली असेल.
इकडे बाईच्या कबरीला तीन दगड लावतात, पुरुषाच्या दोन.
आणि चुलीला, तिकडे काय इकडे काय,
तीनच.

मी विचारलं, कबर की चूल?
झुवैनाने उलट विचारलं, त्याने काय होतं?
मी सांगितलं ते खरं तेवढंच सांगितलं:
कबर असेल तर भोवती पन्नास मीटर जागा सुटते,
झाडही आपोआप वाचतं.
चूल पन्नास वर्षांच्या आतली असेल
तर तिला ‘आधुनिक’ म्हणतात. फोटो काढायचा, पुढे जायचं.

ती बराच वेळ बोलली नाही.
दूर कुंपणाची तार वाऱ्यात वाजत होती.
मग म्हणाली, कबर लिही.

कुणाची?

माझी.

खलफानने भाषांतर केलं नाही.
करायची गरज नव्हती, ‘माझी’ एवढं अरबी मला येतं.
मुखवट्याआड ती हसली की नाही कळलं नाही.
मी गुडघ्यावर बसून दगडाच्या आतल्या अंगावर बोट फिरवलं.
काळं झालं.
बोट तिलाही दिसलं.

तिने पायाने तिन्ही दगड जवळ सारले,
मी ‘अहो, थांबा, हात लावायचा नसतो’ म्हणेपर्यंत
(तेही घाईत मराठीत)
गाफच्या वाळक्या काटक्या आत गेल्या होत्या,
किटली वर होती,
आणि माझ्या पुराव्याला धूर सुटला होता.

मस्कतहून साहेब विचारतील.
सदतीस नंबरचं काय ते एक ठरवा, म्हणतील.

प्रकार: अनिश्चित.
काळ:
इथे पेन थोडा वेळ उघडाच राहिला.
मग सकाळचाच शब्द घेतला: वापरात.

चहात वाळू होती.
मी दुसरा कप मागितला.