चार गुंजा

खंडेनवमीच्या आधीचे आठ दिवस
मीरापूर गल्लीत माझ्या दुकानापुढं चपला मावत नाहीत.
शहापुरातले, खेड्यापाड्यांतले देव उजळायला येतात.
रिठ्याच्या पाण्यात मी भवानी बुडवतो,
जोतिबा बुडवतो, नाव विसरलेले वीर बुडवतो
आणि बारीक ब्रशनं त्यांच्या कानामागचं कुंकू काढतो.

येळ्ळूरच्या यल्लूबाई कुगजींनी फडकं सोडलं.
पाच टाक चांदीचे. सहावा सोन्याचा,
पण तो टाक नव्हेच, नाणं.
मान जाड, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी,
कपाळावर केसांची लाट,
पुजून पुजून झिजलेलं नाक
आणि गालावरून सरळ गेलेला छिन्नीचा घाव.
"आमचा मूळपुरुष," त्या म्हणाल्या.
"वर्साला एक कोंबडा लागतोय तेला."

कॅम्पातल्या मिनेझिस सरांकडं भिंग आहे, आणि लॅटिन,
जे ते पाद्री होता होता शिकले
आणि संसारात पडूनही विसरले नाहीत.
कडेची अक्षरं त्यांनी नखानं एकेक मोजली.
"नीरो," म्हणाले,
आणि हात पँटीला पुसले.

मग रात्री नऊपर्यंत मला बसवून घेतलं.
आईसाठी त्यानं होडी बांधून घेतली, मुद्दाम फुटणारी.
आई पोहून किनाऱ्याला लागली.
मग माणसं पाठवली.
ज्या गुरुजींनी शिकवलं, त्यांना हुकूम: मरा.
शहर जळताना फिडल वाजवत होता हे खोटं,
फिडल तेव्हा जन्मालाच आली नव्हती.
पण जळक्या जागेवर स्वतःला सोन्याचं घर बांधलं, हे खरं.
(किती तोळे लागले असतील?
सर म्हणाले, पोतदार, तो मुद्दा नाही.)
गायला उभा राहिला की नाट्यगृहाची दारं बंद.
बाहेर पडायला लोक मेल्याचं सोंग घ्यायचे,
म्हणजे चारजण उचलून तरी नेतील.

मी घरी आलो ते एकच गोष्ट घेऊन.
त्याच्या आधीचं नाणं ह्याहून चार गुंजा जड होतं.
ह्यानं सोनं हलकं केलं, चांदीत तांबं शिरवलं
आणि मुखडा तेवढा दर वर्षी मोठा केला.
असली माणसं मला ओळखू येतात,
आमच्याच धंद्यात भेटतात.

आणि जिन्यावरून सर जे ओरडून म्हणाले ते:
मेल्यावर वीस वर्षं त्याचे तोतये उठत राहिले,
पानिपतानंतर आपल्याकडं उठला तसे,
हातात वीणा घेऊन.
लोक गेलेही त्यांच्या मागून!
थडग्यावर कुणीतरी फुलं ठेवून जायचं.
कोण, ते कधीच कळलं नाही.

तीन दिवस नाणं गल्ल्यात ठेवलं.
चौथ्या दिवशी यल्लूबाई आल्या.
म्हटलं, मावशी, हा तुमच्यातला नव्हे.
समुद्रापलीकडचा राजा. आईला मारलेला.

"आईला?"

रिठ्याचा फेस फुटत राहिला.
त्यांनी नाणं उचललं, पदराला पुसलं,
घावावरून अंगठा फिरवला.
"लागलंय नव्हं गालाला. सासू ह्यात हळद भरायची."
मग जरा वेळानं,
"बसवल्यालं हाय तेच बरं.
असलं माणूस देव्हाऱ्यात असलं की एका जागी ऱ्हातंय.
मोकळं सोडलं तर फिरतंय गा,
कुणाच्या तरी अंगात शिरतंय."

रोम जाळलेला पुरुष
तिनं भवानी आणि जोतिबाच्या मध्ये ठेवला,
दोन्हीकडून दाबून, आणि गाठ मारली.

पैसे मोजताना विचारलंच,
सोनाराला सगळेच विचारतात,
"आणल्यालं तेवढंच वजन हाय नव्हं?"

तेवढंच, मी म्हटलं.
पावतीवर लिहिलं: सोनं, एक नग, जुनं.