वीस किलो वाळू

नवतप्याचा तिसरा दिवस. पहाटे साडेतीनला
तांडापेठेतला आमचा कूलर अजून गरम हवाच ढकलतो आहे.
मी मोजे उलटे करून साबणाची सुकी वडी घासतो,
टाचेवर, करंगळीवर, जिथं शिवण येते तिथं दोनदा.
उस्ताद म्हणाले होते, कमांडो कोर्सातून माणसाला
शत्रू नाही काढत, फोड काढते.

वाळू निखारेंच्या अर्धवट बांधकामावरची.
मोजली हेडाऊंच्या दुकानात, तुरीच्या डाळीच्या काट्यावर.
"वीस म्हंजे वीस," ते म्हणाले,
आणि जुन्या गिऱ्हाइकाला टाकतात तशी
मूठभर वरून टाकली.
ती मूठ मला गांधीबागेपासून जाणवायला लागते.

मागे दामिनी, स्कूटीवर.
गळ्यात शिट्टी, डिक्कीत गूळपाणी,
माझ्या खिशात तिनंच कोंबलेला कांदा, ऊन लागू नये म्हणून,
ऊन निघायला अजून दोन तास असताना.
इतवारीतली कुत्री पहिल्या दिवशी अंगावर आली होती.
आता मान उचलतात, ओळखतात, पुन्हा झोपतात.

रामझुल्याच्या चढावर श्वास
पोटातून छातीत येतो, छातीतून तोंडात.
"सात मिनिटं दहा," ती ओरडते. "काऊन बे, वरात हाय का?"

दामिनी गेल्या वर्षी पोलीस भरतीला गेली होती.
उंचीच्या पट्टीखाली अर्धा सेंटीमीटर कमी भरली.
मैदान समोरच होतं, चुना नुकताच मारलेला.
तिचं धावणं कुणी मोजलंच नाही.
घरी येऊन तिनं बूट धुतले, उन्हात ठेवले,
आणि त्याबद्दल आम्ही कुणी काही बोललो नाही.

सिव्हिल लाइन्सची झाडं सुरू होतात तशी हवा
बोटभर थंड होते. मग सेमिनरी हिल्स.
अकराव्या दिवशी त्या चढाच्या मधोमध
माझी पिंढरी दगड झाली.
बसलो. बसू नये हे ठाऊक असून बसलो.
कोर्सला सोळा दिवस. रजेचे बारा.
अंगठ्याचं नख काळं.
तिनं स्कूटी स्टँडवर लावली, शिट्टी माझ्या गळ्यात घातली
आणि पिठ्ठूच्या पट्ट्यात हात घालत म्हणाली,
"वेळ लाव."

तो पट्टा बाबांनी शिवलेला.
बाजारातला आठवड्यात तुटला, तेव्हा
बंद पडलेल्या मागाची जुनी पट्टी त्यांनी काढली
आणि मेणाच्या दोऱ्यानं दोन रात्री टाचत बसले.
चाळीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून
पावड्या दाबल्या त्यांनी.
"तुयापेक्षा मी जास्त चाललो," म्हणतात,
"फक्त कुठं गेलो नाही."

दामिनीनं पट्टा चार बोटं आवळला.
पुढे वाकली नाही, पाय आपटले नाहीत,
अशी गेली की पिठ्ठू तिच्या मागे जातोय असं वाटावं.
वळणावर दिसेनाशी झाली.
मी घड्याळाकडे पाहत राहिलो, नंतर पाहायचं सोडलं.
वरून आवाज आला: "किती?"
मी सांगितलं.
ती वेळ माझी कधीच नव्हती.

घरी येताना पिठ्ठू माझ्याच पाठीवर.
बाबा ओट्यावर तुरटीचं पाणी घेऊन बसलेले.
पाय बादलीत घातले. त्यांनी विचारलं नाही.
पिठ्ठू उचलला, पट्ट्यावरून अंगठा फिरवला
कापडातली चुकलेली तार शोधतात तसा,
आणि चार बोटांवर पडलेल्या ताज्या घडीपाशी थांबले.

दुसऱ्या पहाटे दिवा लावला तेव्हा पाहिलं,
माझ्या मापाची लाल दोऱ्याची खूण होती तिथंच होती.
तिच्यावर, चार बोटं अंतरावर,
हिरव्या दोऱ्यात आणखी एक.
दामिनी चावी शोधत होती.
मी तिला म्हटलं,
"राहू दे स्कूटी."